'वीव्ह' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय, ते वापरायचं कसं, ते आलं कुठून, आणि भूतकाळात 'वोव्ह' लिहायचं की 'वीव्ह्ड'?

'वीव्ह' म्हणजे विणणं. भूतकाळात कापडाबद्दल लिहिणार असाल तर 'वोव्ह'. वीव्ह, वोव्ह, वोव्हन. रिक्षा गर्दीतून इकडून तिकडून वाट काढत गेली असं लिहायचं असेल तर 'वीव्ह्ड'. परीक्षेपुरतं एवढं पुरे, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. मला मात्र लिहायचंय, कारण ह्याच 'वोव्ह'वरून आमच्या घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मंडईत गरज पडेल तेवढं कन्नड. वडिलांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये, नंतर स्वतःच्या दोन मागांवर. आई कांड्या भरायची. मी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीचे कागद बघतो. थोरली बहीण पुण्यात दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे बावा (तेलुगूत बावा, तुमच्यात दाजी), कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस मनाचा चांगला. पण इंग्रजीचा विषय निघाला की खुर्चीत सरळ होऊन बसतात.

संक्रांतीला ते सगळे गड्ड्याच्या यात्रेसाठी आले होते. भाचीनं येताना शाळेची वही आणली होती, आजोबांना दाखवायला म्हणून. निबंध होता 'माय ग्रँडफादर'. पहिलंच वाक्य: 'माय ग्रँडफादर वोव्ह चद्दर्स ऑल हिज लाइफ.' वर्गातल्या बाईंनी 'वोव्ह'ला लाल गोल करून वर 'वीव्ह्ड' लिहिलेलं, अर्धा मार्क कापलेला. शिवाय 'चद्दर्स' खोडून 'ब्लँकेट्स' केलेलं! 2005 सालापासून 'सोलापूर चद्दर' ह्या नावानं भौगोलिक मानांकन आहे आपल्याकडे, सरकारदरबारी नोंद आहे. पण ते राहू दे, ते तुम्ही विचारलेलं नाही.

वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही, लाल शाई मात्र येते. "काय चुकलं ओ पोरीचं?" मी म्हटलं, काही नाही चुकलं, बाई चुकल्या. तेवढ्यात बावा सरळ होऊन बसले.

"मॅडमचं बरोबर आहे. लिव्ह-लिव्ह्ड, लीव्ह... ते जाऊ दे, लव्ह-लव्ह्ड, वीव्ह-वीव्ह्ड. 'वोव्ह' जुनाट झालं आता, कोण वापरतं?" आणि फोन काढून एक वाक्य दाखवलं, 'ही वीव्ह्ड थ्रू द ट्रॅफिक'. "बघ, छापलंय."

छापलंय खरं. पण ते क्रियापदच वेगळं आहे. इंग्रजीत 'वीव्ह' दोन आहेत. एक विणण्याचं, जुन्या इंग्रजीतल्या 'वेफान'पासून आलेलं. दुसरं डावी-उजवीकडे झुलत जाण्याचं, ते बहुतेक उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वेइफा'च्या घराण्यातलं, ज्याचा अर्थ हलणं, हलवणं. पुढे दोघांचं स्पेलिंग एक झालं आणि लोकांना वाटायला लागलं की आडवा धागा नेणारा मागाचा धोटा इकडून तिकडे जातो तसा माणूस ट्रॅफिकमधून जातो, म्हणून तोच शब्द. ऐकायला छान वाटतं, पण उगम तसा नाही. म्हणूनच भूतकाळही सहसा वेगळे ठेवतात.

बावा म्हणाले, स्पेलिंग एकच आहे ना, मग शब्दही एकच. मी म्हटलं, बावा, आपण माग चालवतो आणि पोलीस चोराचा माग काढतात. पोलीस काय चोराची चादर काढतात का? वडील हसले. बावा नाही हसले.

आणि 'वोव्ह' ह्या रूपाला 'लव्ह-लव्ह्ड'चं माप लावायचंच नसतं. ते स्पीक-स्पोक-स्पोकन, स्टील-स्टोल-स्टोलन ह्यांच्या पंगतीतलं आहे. त्यातला 'ओ' अगदी मूळचा नाही, हेही सांगतो, नाहीतर कुणीतरी मलाच पकडेल. जुन्या इंग्रजीत भूतकाळ 'वॅफ' असा होता. मधल्या काळात 'स्पोक', 'स्टोल' ह्यांच्या संगतीनं 'वोव्ह' झालं. तरी म्हणजे काही शतकं झालीच की.

उगमाचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. 'वीव्ह'चं मूळ इंग्रजीच्या कितीतरी मागे, युरोपातल्या बऱ्याच भाषा आणि संस्कृत ज्या एका आदिभाषेतून आल्या तिथवर जातं. जर्मनमध्ये आजही विणणं म्हणजे 'वेबेन'. जुन्या संस्कृतात कोळी म्हणजे अष्टपाद जाळंवाला, त्याला 'ऊर्णवाभि' म्हटलंय. ऊर्ण म्हणजे लोकर, आणि पुढचा 'वाभ' हा 'वीव्ह'चा सख्खा भाऊ. लोकर विणणारा तो कोळी. इंग्रजीतलं 'वेब' त्याच घरातलं, आणि त्याचा पहिला अर्थ कोळ्याचं जाळंसुद्धा नाही, विणलेलं कापड. वर्तमानपत्र छापतात त्या मशीनला 'वेब ऑफसेट' म्हणतात ते ह्यामुळेच, कागदाचा अखंड ताका त्यातून पळत असतो. वेबसाईटही तिथलीच. आडव्या धाग्याला आपण शेडमध्ये 'वेफ्ट' म्हणतो, तोही त्याच खानदानातला. उभ्या धाग्यांचा 'वार्प' मात्र नाही, त्याचं मूळ वेगळं आहे, त्या मुळाचा अर्थ फेकणं.

आता खरी मजा. बावांनी फोनवर उघडली होती ती मेरियम-वेबस्टर डिक्शनरी. 'वेबस्टर' म्हणजे काय? विणकर! जुन्या इंग्रजीत 'वेब्बा' म्हणजे विणणारा आणि 'वेब्बेस्त्रे' म्हणजे विणणारी, त्याचं पुढे आडनाव झालं. सूत कातणारी ती 'स्पिन्स्टर', तसं. 1828 साली अमेरिकन इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढणाऱ्या नोआ वेबस्टरच्या आडनावातच माग आहे. कोष्टी, साळी, पद्मशाली, जे म्हणाल ते. म्हणजे विणकराच्या नातीचा शब्द चूक ठरवायला बावा विणकराचंच पुस्तक घेऊन बसले होते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि विषय बदलला.

बदलला म्हणजे पुढे नेला. म्हणे, टॉवेलला तर लूप असतात, म्हणजे टॉवेल 'निटेड', त्याला 'वोव्हन' तरी कशाला म्हणायचं? इथं चूक नुसती बावांची नाही, आपल्या भाषेचीही थोडी आहे. मराठीत स्वेटरही विणतात, चादरही विणतात, खाटही विणतात. इंग्रजीत सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवत गेलं की 'निट'. उभे आणि आडवे असे दोन संच एकमेकांच्या खालून वरून गेले की 'वीव्ह'. तुम्ही शब्दाचा वापर विचारलाय ना, मराठी माणसाची सगळ्यात जास्त गल्लत इथं होते. 'माय मदर वोव्ह अ स्वेटर' लिहू नका.

वडिलांनी बावांना उठवलं आणि शेडमध्ये नेलं. टर्किश टॉवेलच्या मागावर दोन भीम (इंग्रजीतलं 'बीम', उभे धागे गुंडाळलेला रूळ) असतात. एक मूळ कापडाचा, ताणून धरलेला, दुसरा लूपचा, सैल सोडलेला. दोन आडवे धागे टाकायचे पण फणीनं ते पूर्ण आत ठोकायचे नाहीत, थोडं अंतर ठेवायचं. तिसरा धागा टाकला की फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही एकदम ठोकते. त्या ठोक्यानं सैल भीमचे धागे पुढे सरकून कमानीसारखे उभे राहतात. तोच लूप. म्हणजे लूप असला तरी सगळं काम उभ्या-आडव्याचंच, शंभर टक्के 'वीव्ह'. वडिलांनी हे तेलुगूत सांगितलं, माग चालू असल्यामुळे ओरडून सांगितलं. बावा मान हलवत होते, पण मागांच्या आवाजात सगळेच मान हलवतात.

माझ्या टेबलावर हा फरक पैशाचा आहे. कस्टमच्या वर्गवारीत अंगात घालायचे कपडे निट केलेले असतील तर 61 वं प्रकरण, नसतील तर 62 वं. सुती टर्किश टॉवेल 6302 मध्ये. कागदावर 'वोव्हन'च्या जागी 'निटेड' पडलं की माल बंदरावर बसतो आणि फोन मला येतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना येत नाही.

मी बाईंना द्यायला चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली, अगदी नम्र, 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून. बहिणीनं ती पर्समध्ये ठेवली आणि दिली नाही. म्हणाली, पोरीला वर्षभर त्या बाईंकडेच शिकायचंय. बावा म्हणाले, अर्ध्या मार्कासाठी कशाला. माझं मत स्पष्ट आहे, अर्ध्या मार्कासाठीच जायचं. पोरीनं घरात ऐकलेल्या गोष्टीला नेमका शब्द शोधून लिहिला होता आणि तोच कापला गेला. तुमच्या मुलाचं असं झालं तर वही घेऊन जा, आवाज चढवू नका, शब्दकोशाचं पान दाखवा, बाईही माणूसच आहेत. आणि इंग्रजी फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांना येतं असं घाबरून बसू नका. 'वीव्हिंग' हा शब्द सोलापूरला कुणी आयटीवाल्यानं शिकवलेला नाही. आमच्या जुन्या मिलचं कागदोपत्री नावच 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'. 1950 साली सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, त्यावरचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, आणि समानतेचा हक्क शिकताना कायद्याची पोरं तो आजही वाचतात. अक्कलकोट रोडला फिरून या, पाट्यांवर 'विव्हिंग', 'वीविंग', 'व्हिविंग' सगळी स्पेलिंगं सापडतील. अर्थ कुणाचाही चुकलेला नसतो.

आता एक गोष्ट राहिली, ती लपवली तर अन्याय होईल. मेरियम-वेबस्टरमध्ये 'वोव्ह'च्या शेजारी 'वीव्ह्ड'ही दिलंय. म्हणजे कापडासाठी कुणी 'वीव्ह्ड' लिहिलं तर त्याला फाशी द्यायचं कारण नाही. बावा अजून हाच मुद्दा धरून बसलेत. पण 'हेही चालतं' आणि 'ते चूक आहे' ह्यात फरक आहे की नाही? बाईंनी 'वोव्ह' चूक ठरवलं होतं, आणि ते कुठल्याच शब्दकोशात चूक नाही.

बाकीचा वापर थोडक्यात. गोष्ट रचणं, कट रचणं ह्यालाही 'वीव्ह' चालतं आणि तिथंही भूतकाळ 'वोव्ह'च. टोपली, चटई, हार, सगळ्याला चालतं. 'द टॉवेल वॉज' नंतर 'वोव्हन' येतं, 'वोव्ह' नाही, इथं बरेच जण घसरतात. 'इंटरवोव्हन'चंही तसंच. आणि उच्चार 'वेव्ह' करू नका. तो हात हलवायचा.