टोकन भरण्याआधी

प्रिय,

तू पाठवलेली दोन्ही ब्रोशर काल रात्री बसून वाचली. थायलंडमधल्या फुकेतचा कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, आणि इंडोनेशियातल्या बालीचा व्हिला. पंधरा तारखेपर्यंत टोकन भरायचंय असं तू लिहिलं आहेस, म्हणून लगेच लिहायला बसले.

परदेशी माणसाला तिथे घर घेता येतं का, असं तू विचारलंस. विचारायलाच हवं, पण त्याआधी दुसरं विचार: ते घर चार-चार दिवसांसाठी पर्यटकांना भाड्याने देता येतं का? घेण्याचा हक्क एका कायद्यात असतो, भाड्याने देण्याची परवानगी दुसऱ्याच कायद्यात. कार्यालयं वेगळी, अधिकारी वेगळे. तुझा सगळा हिशेब रोजच्या भाड्यावर उभा आहे आणि दोन्ही ब्रोशरमध्ये त्या परवानगीबद्दल एक ओळ नाही.

मला हे उशिरा कळलं. थायलंडमध्ये समुद्राजवळ माझा एक छोटा कॉन्डो होता. खरेदीत काडीचीही चूक नव्हती. तिथल्या १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याप्रमाणे इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत मालकी परदेशी लोकांच्या नावावर असू शकते. माझा फ्लॅट त्या कोट्यात होता, नोंदणी माझ्या नावावर होती. सात महिने पाहुणे येत-जात होते. मग एका सकाळी लिफ्टशेजारी नोटीस लागली: रोजच्या भाड्याने फ्लॅट देणं बंद, इमारतीच्या नियमावलीत मनाई आहे आणि हॉटेल कायद्याचाही भंग होतो. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार महिन्यापेक्षा कमी मुदतीसाठी पैसे घेऊन राहायला देणं हा हॉटेलचा धंदा ठरतो. त्याला परवाना लागतो आणि राहत्या इमारतीतल्या एकट्या फ्लॅटला तो मिळवणं जवळपास अशक्य. नोटीस वाचून मी तिथेच उभी राहिले. हातात पुढच्या पाहुण्यांसाठी धुतलेल्या चादरी होत्या. ती बुकिंग रद्द केली, नंतर महिन्याच्या भाड्याने फ्लॅट दिला, पण रोजच्या भाड्यावर बांधलेलं गणित महिन्याच्या भाड्यावर बसेना. शेवटी विकला.

हे एकट्या थायलंडचं नाही. जपानमध्ये परदेशी माणसाला घर आणि जमीन दोन्ही घेता येतात, तरीही २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे राहतं घर पर्यटकांना वर्षात १८० दिवसच देता येतं. म्हणजे अर्धं वर्ष ते रिकामं धरूनच हिशेब मांडायचा. तुर्कस्तानात २०२४ पासून १०० दिवसांपर्यंतच्या पर्यटक-भाड्याला मंत्रालयाची परवानगी लागते आणि त्या परवानगीसाठी सर्वसाधारणपणे इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटमालकांची संमती. एक शेजारी नको म्हणाला की संपलं. बार्सिलोना महापालिकेने २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. ग्रीसमध्ये तर गुंतवणुकीच्या बदल्यात राहण्याचा परवाना मिळावा म्हणून घेतलेलं घर २०२४ च्या कायद्यानंतर अल्पमुदतीच्या भाड्याला देताच येत नाही. दिलं तर ५०,००० युरो दंड आणि परवाना रद्द. घर आणि व्हिसा एकाच फटक्यात, असं सांगणारे एजंट तुलाही भेटतील. पोर्तुगालने ती घरखरेदीची वाट २०२३ मध्ये बंद केली, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये.

आता बालीचा व्हिला. त्या ब्रोशरमधलं एक वाक्य वाचून माझी झोप उडाली: "जमीन आमच्या विश्वासू स्थानिक भागीदाराच्या नावावर राहील, वेगळ्या कराराने सगळे हक्क तुमचेच." हा बेनामी व्यवहार आहे, दुसरं काही नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकी, ज्याला तिथे 'हक मिलिक' म्हणतात, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं २६ वं कलम सांगतं की परदेशी माणसाकडे आडवळणाने मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत. हे शेवटचं पुन्हा वाच. भागीदार देवमाणूस असला तरी कायदा तुझ्या बाजूने उभा राहणार नाही. उद्या तो वारला, त्याचा घटस्फोट झाला, त्याच्यावर कर्जाची वसुली आली, तर तुझ्या हातातला करार दाखवायला तू कुठल्या कोर्टात जाणार?

बालीत सरळ वाटा आहेत. ठरावीक वर्षांचं लीज घेता येतं. तिथला राहण्याचा परवाना असेल तर स्वतःच्या राहण्यासाठी 'हक पाकाई' म्हणजे वापराचा हक्क मिळतो. भाड्याचा धंदाच करायचा असेल तर परदेशी भांडवलाची कंपनी नोंदवून तिच्या नावावर बांधकामाचा हक्क घेता येतो. वेळ आणि खर्च दोन्ही लागतात. म्हणूनच एजंट त्यांचं नाव काढत नाहीत. लीज घेतलंस तरी ती जमीन कुठल्या झोनमध्ये आहे आणि बांधकामाला परवानगी आहे का, हे आधी बघ. शेतीसाठी राखलेल्या हिरव्या पट्ट्यात उभा राहिलेला व्हिला फोटोत तितकाच देखणा दिसतो.

थायलंडमध्येही व्हिलासाठी हाच खेळ कंपनीच्या नावाने चालतो: ५१ टक्के शेअर थाई लोकांच्या नावावर, पैसा सगळा परदेशी माणसाचा. असे डमी शेअरहोल्डर उभे करणं तिथे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि "३० अधिक ३० अधिक ३०, म्हणजे ९० वर्षांचं लीज" असं कोणी म्हणालं तर एवढंच विचार, की नोंदणी किती वर्षांची होणार? थाई कायद्यात कमाल ३० वर्षांची होते. पुढची साठ म्हणजे आज सही करणाऱ्याने दिलेला शब्द.

मेक्सिकोचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण तिथे दुसऱ्याच्या नावावर असलेली मालकी कायदेशीर आहे. किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी नाही, म्हणून कायद्यानेच बँकेच्या ट्रस्टची सोय केली आहे. तिथे त्याला 'फिदेइकोमिसो' म्हणतात. कागदावर मालक बँक, पण राहणं, भाड्याने देणं, विकणं, वारसाला देणं हे सगळे हक्क तुझे. मुदत ५० वर्षं, पुढे वाढवता येते. ही वाट सरकारने आखली आहे, बालीतल्या भागीदाराची वाट एजंटने. कुठल्याही देशात कोणी नवा मार्ग दाखवला की तो कुणी आखलाय, हे विचारत जा.

पैसा कसा जातो, याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. थायलंडमध्ये परदेशी कोट्यातला फ्लॅट घ्यायचा तर रक्कम बाहेरून परकीय चलनात यावी लागते आणि तिथल्या बँकेचा तसा दाखला जमीन कार्यालयात द्यावा लागतो. पाठवताना कारणाच्या रकान्यात कॉन्डोची खरेदी असं स्पष्ट लिही. पैसे तुझ्याच खात्यातून जाऊ देत, मित्राच्या किंवा एजंटच्या नको. तो दाखला पुढे विकतानाही लागतो. तू जिथून पैसे पाठवणार त्या देशाचे पैसा बाहेर नेण्याचे नियमही बँकेत जाऊन आधी विचार.

कराचं थोडक्यात सांगते. भाडं जिथे मिळतं तिथे कर असतो, आणि तुझा मुक्काम ज्या देशात आहे तिथेही ते उत्पन्न दाखवावं लागू शकतं. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का, ते बघ. विकतानाचा फटका वेगळा: अमेरिकेत परदेशी मालकाने घर विकलं तर साधारणपणे विक्रीच्या पूर्ण किमतीवर १५ टक्के रक्कम आधीच कापून सरकारकडे जाते, नफा झालेला असो वा नसो. विवरण भरून जास्तीची परत मिळते, पण तोवर पैसा अडकतो.

फुकेतच्या ब्रोशरमधल्या 'हमी भाड्या'बद्दलही बोलते. ही हमी बिल्डर देतो, आणि माझ्या अनुभवात ती फ्लॅटच्या किमतीत आधीच मिळवलेली असते. म्हणजे तुझेच पैसे तुला हप्त्याने परत येणार. त्याच इमारतीत हमीशिवाय फ्लॅट कितीला मिळतो, हे विचार. दोन किमती शेजारी ठेवल्या की आपोआप कळेल.

आता काम. वकील स्वतःचा शोध, बिल्डरने सुचवलेला नको, आणि त्याच्याकडून उत्तरं लेखी घे. फुकेतसाठी त्याला तीन कागद मागायला सांग. पहिला, इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र, की परदेशी कोट्यात अजून जागा आहे आणि या फ्लॅटवर मेंटेनन्सची थकबाकी नाही. दुसरा, इमारतीची नियमावली, त्यातलं भाड्याचं कलम भाषांतरासह. तिसरा, मालकीपत्र दोन्ही बाजूंनी. सगळे पुढची बाजू दाखवतात, जिथे गरुडाची मुद्रा असते. तू मागची बाजू वाच. तिथे रांगेने नोंदी असतात: कधी विकला, कुणाला, गहाण कधी पडला, कधी सुटला. गहाणाची नोंद असेल आणि ती सुटल्याची नसेल तर तिथेच थांब. वकिलाला जमीन कार्यालयातल्या मूळ प्रतीशी ती ताडून बघायला लाव, विक्रेत्याकडच्या प्रतीवर विसंबू नकोस.

बालीला आजच नाही म्हणून कळव. फुकेतचे तिन्ही कागद आले की मला पाठव, रात्री कितीही वाजले असले तरी मी बघेन. तोवर पंधरा तारीख उलटून गेली तर जाऊ दे.

तुझी,
मावशी