स्क्रीनवर बंद होणारा डबा

अगं, रात्री साडेअकराला कोणी एवढा मोठा मेसेज टाकतं का. दोनदा वाचला. तुर्भ्याच्या त्या पॅकेजिंगच्या ऑफिसात सीनियर म्हणतो डब्याचं ड्रॉइंग चुकलंय, मशीनवाला म्हणतो सॉफ्टवेअरच फालतू, आणि तू म्हणतेस, काका, थ्रीडीमध्ये झाकण मस्त बसतंय, खऱ्या डब्यात उचललं जातंय, मी हे सोडून वेबसाइट डिझाइनचा कोर्स करू का? कोर्सचं नंतर बोलू. आधी सांग, त्याच बोर्डाचा, म्हणजे पुठ्ठ्याचा, तुकडा घेऊन स्वतःच्या हाताने घडी घालून बघितलीस का? नाही ना. मेसेजमध्ये कुठे लिहिलंच नाहीयेस.

तुझा डबा फेफ्को ०४२७ (डब्यांच्या प्रकारांच्या यादीतला नंबर), म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या वस्तू येतात ना, तो झाकणवाला. आर्टिऑसकॅडमध्ये, म्हणजे डबे डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लांबी, रुंदी, उंची टाकली, बोर्ड निवडला की सगळ्या रेषा आपोआप येतात, तिथेच माणूस फसतो. घडी घातली की बोर्डाची जाडी आतली जागा खाते आणि बाहेरचं माप वाढवते, आणि प्रत्येक घडीला किती सोडायचं ते सॉफ्टवेअर तू निवडलेल्या बोर्डावरून ठरवतं. फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या आतला नागमोडी थर. तू ई फ्लूट निवडलंस, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. फोटोत मला जे दिसतंय ते बी फ्लूट आहे, जवळपास तीन मिलिमीटर. स्टोअरवाल्याने जे शिल्लक होतं ते दिलं असणार. आता झाकणाच्या बाजूच्या पट्ट्या आत जायला जागाच नाही, मग झाकण उचलणार नाही तर काय करणार? सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही गं, तू सांगितलेल्या बोर्डाचा डबा त्याने दाखवला. व्हर्निअर लावून बोर्डाची जाडी मोज, आकडा लिही, मग घडी घालून बघ.

मी हे एवढं ओरडून का सांगतोय ते पण ऐक. वागळे इस्टेटमध्ये होतो तेव्हा चहापत्तीच्या कार्टनचं काम आलं, डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे नागमोडी थर नसलेला सपाट पुठ्ठा. लेआउटमध्ये डबे आडवे फिरवले तर एका शीटमध्ये दोन जास्त बसत होते, फिरवले, मालक खूश, मी पण खूश. ग्रेन (बोर्डातल्या तंतूंची दिशा) उभा गेला हे डोक्यातच आलं नाही. कार्टनमध्ये ग्रेन उभ्या घड्यांना आडवा जायला हवा, नाहीतर माल भरला की भिंती फुगतात. डाय, म्हणजे डबा कापायचा आणि घड्या पाडायचा साचा, बनवणाऱ्या डायमेकरने फोन करून विचारलं होतं, सॅम्पल भरून बघितलंय ना? मी हो म्हणालो. बघितलं नव्हतं. वीस हजार डबे, सगळ्यांचं पोट सुटलेलं, त्यात ठाण्याचा जुलै, दमट हवेने बोर्ड अजून मऊ.

कितीतरी वर्षं मी पेपर मिलला दोष दिला. खरं सांगायचं तर मालकाने वेळच दिला नव्हता, दुपारी चारला ड्रॉइंग आणि सहाला डाय बनवायला पाठवायची, अशात कोण सॅम्पल कापतं? पण कटरने सॅम्पल कापायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं होती माझ्याकडे, चहाला गेलो होतो.

ब्रुकलिनमध्ये १८७९ साली रॉबर्ट गेअरच्या छापखान्यात घडीसाठी लावलेली पट्टी सरकली आणि कागदी पिशव्या कापल्या गेल्या. त्याला त्यात कापणं आणि घडी एकाच दाबात करता येईल हे दिसलं. वाया गेलेला माल नीट बघितला म्हणून दिसलं ना? तुझ्या टेबलाखाली ते पाच बिघडलेले डबे आहेत ते फेकू नकोस. उलगड, सपाट कर, घड्या कुठे फाटल्यात ते बघ.

आणि हो, मी ते थ्रीडी शिकायला फार उशीर केला, हातानेच जमतं म्हणून अडून बसलो, त्यामुळे दोन चांगल्या नोकऱ्या गेल्या. माझ्यासारखं सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसू नकोस, ते नीट शिक, बोर्डाचं टेबल, म्हणजे कुठल्या बोर्डाची किती जाडी ते, स्वतः भर. तरीही डाय पाठवायच्या आधी घडी घालून बघ, भरून बघ. सीनियर हसला तर हसू दे.

कोर्सची फी भरली नसशील अजून, तर रविवारपर्यंत थांब. ठाण्याला ये, ट्रान्स हार्बर लोकलला रविवारी ब्लॉक असू शकतो म्हणून आधी बघून निघ. ते झाकण उचलणारं सॅम्पल आण, त्यात जी वस्तू जाणार आहे ती पण आण आणि स्टीलची पट्टी आण, माझ्या पट्टीवरचे पहिले चार आकडे पुसले गेलेत.