५० हजारांची एफडी, एक महाग ड्राइव्ह आणि २२ कॅसेटी

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्यातले एक वाचक, वय ५२, माध्यमिक शाळेत शिक्षक. घरातले फोटो, गावच्या जत्रेत वर्षानुवर्षे झालेल्या संगीत नाटकांचे आणि भजनी सप्ताहाचे चित्रीकरण, शिवाय जमिनीचे स्कॅन केलेले कागद असा सगळा मिळून १.३ टीबी ऐवज त्यांच्याकडे आहे. तो सात वर्षांच्या लॅपटॉपवर आणि एका जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर विखुरलेला आहे, कशाचीच दुसरी प्रत नाही. दर महिन्याला साधारण १० जीबीची भर पडते. कपाटात मिनी-डीव्हीच्या २२ कॅसेटी आहेत, त्या ‘नंतर कधीतरी’ बघणार आहेत. पुढच्या महिन्यात ५०,००० रुपयांची एफडी मोकळी होते आहे. दुकानातून त्यांनी आणलेले भाव: २ टीबीचा पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह, १५,५००, २ टीबीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क ७,०००, तीच ४ टीबीची ११,५००, दोन डिस्का बसवलेला घरगुती सर्व्हर, म्हणजे नॅस, ४६,००० आणि तो १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर, २ टीबी क्लाउड वर्षाला ६,५००, १०० जीबी क्लाउड वर्षाला १,३००. त्यांचा स्वतःचा कल एसएसडीकडे आहे, मुलाचा नॅसकडे.

नमस्कार सर,

कोणती वस्तू चांगली, हा प्रश्न तुम्ही विचारलात. मी आधी दुसरा विचारतो: १५,५०० रुपये देऊन तुमच्याकडे प्रती किती होतात? एक. लॅपटॉप सात वर्षांचा आहे, म्हणजे त्यातली प्रत आता धरून चालता येत नाही. एसएसडी घेतलात की सगळी मदार पुन्हा एकाच वस्तूवर, फक्त ती वस्तू महाग. बॅकअपचा जुना हिशेब ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. तुमचे पैसे या हिशेबात बसवायचे आहेत.

एसएसडी वाईट नाही. पडला तरी सहसा वाचतो आणि वेग कितीतरी जास्त. पण बॅकअपची डिस्क वर्षातले बहुतेक दिवस डब्यात पडून असते. तिथे वेगाचा उपयोग पहिल्या दिवशीच, नंतर महिन्याला १० जीबी टाकायला साध्या डिस्कला दोन-तीन मिनिटे लागतात. शिवाय एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपाने साठतो. तो वर्षानुवर्षे वीज न लावता गरम जागी ठेवला तर भार हळूहळू झिरपतो, आणि खूप वापरून झालेल्या एसएसडीत तो लवकर झिरपतो. एसएसडीवर खर्च करायचाच असेल तर लॅपटॉपच्या आतली जुनी डिस्क बदलून तिथे बसवा, रोजच्या कामात फरक कळेल. तो मात्र वेगळा खर्च, या ५०,००० मधला नव्हे.

नॅसबद्दल मुलाला सांगा की आरसा आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅसमधल्या दोन डिस्का एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवतात. एक बिघडली तर दुसरी वाचवते, एवढे खरे. पण चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. मृगाच्या आधीच्या गडगडाटात विजेचा झटका आला तर दोन्ही एकाच प्लगवर. चोराने पेटी उचलली तर दोन्ही गेल्या. म्हणजे ४६,००० नंतरही बाहेरची एक डिस्क लागतेच, आणि पावसात आपल्याकडे वीज जशी येते-जाते ते पाहता यूपीएसही लागतो.

आणि तो ‘नो कॉस्ट’ ईएमआय. व्याज असतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते एवढेच. वार्षिक १५ टक्के दर धरला तर ४६,००० च्या हप्त्यांत साधारण ३,५०० रुपये व्याज लपलेले असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० च्या आसपास, तुमच्या कार्डावर येतो, वर प्रोसेसिंग फी. रक्कम जीव घेणारी नाही. पण हातात ५०,००० असताना वर्षभराचा हप्ता कशाला मागे लावून घ्यायचा? त्यातच एखाद्या महिन्यात कार्डाचे पूर्ण बिल भरायचे राहिले तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, ते वेगळे.

आता कॅसेटी. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत. हार्ड डिस्क उद्या घेतली काय, दोन महिन्यांनी घेतली काय, बाजारात मिळणारच. मिनी-डीव्हीच्या कॅसेटी गोव्याच्या दमट हवेत बुरशी धरतात, आणि त्या वाचणारे चालू कॅमेरे दरवर्षी कमी होत चालले आहेत. आधी त्या उतरवून घ्या. दर ठरवताना ‘कॅसेटीमागे’ की ‘तासामागे’ ते स्पष्ट करा, आणि उतरवणाऱ्याला सांगा की फाइल मूळ डीव्ही स्वरूपातच हवी, फायरवायरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातून चित्र जसेच्या तसे काढणाऱ्या वायरने घेतलेली. एमपी४ करून दिली की फाइल लहान होते, पण चित्र दाबले जाते आणि ते परत मिळत नाही. पहिल्यांदा एकच कॅसेट देऊन पाहा. बुरशी असलेली कॅसेट वेगळी काढून सांगा, ती आधी मशीनमध्ये गेली तर टेप वाचणारे हेड घाण होते आणि पुढच्या कॅसेटीही खराब उतरतात.

मूळ स्वरूपात एका तासाला साधारण १३ जीबी लागतात. तासाची एक धरून २२ कॅसेटींचे २८६ जीबी. म्हणजे तुमचा १.३ टीबीचा आकडा १.६ च्या घरात जातो. इथेच २ टीबीची डिस्क बाद होते: डब्यावर २ टीबी लिहिलेले असले तरी विंडोज ती १.८१ दाखवते, आणि वर्षाला १२० जीबीची भर धरली तर ती दोन वर्षांच्या आत काठोकाठ भरते. ४ टीबीची ३.६३ दाखवते, पाच वर्षांनीही जागा उरेल. प्रति टीबी भावही ३,५०० वरून २,८७५ वर येतो.

म्हणून माझा सल्ला: ४ टीबीच्या दोन साध्या पोर्टेबल डिस्का घ्या, २३,००० रुपये. जोडीला १०० जीबी क्लाउड, वर्षाला १,३००. पाच वर्षांचा खर्च २९,५००, म्हणजे महिन्याला ४९० च्या आसपास. फक्त २ टीबी क्लाउडवर विसंबलात तर पाच वर्षांत ३२,५०० जातात, चौथ्या वर्षी जागा कमी पडायला लागते आणि हाती काहीच उरत नाही. त्यातून १.६ टीबी घरच्या इंटरनेटवरून चढवायचे म्हणजे कित्येक रात्री. क्लाउडवर फक्त न भरून येणारे आणि लहान असे ठेवा: जमिनीचे एक-चौदाचे उतारे, म्युटेशनचे, म्हणजे फेरफाराचे कागद, पोर्तुगीजकालीन दस्तांचे स्कॅन, विमा पॉलिसी आणि निवडक फोटो. तुमच्याकडचे असे कागद ६ जीबीसुद्धा भरणार नाहीत. मात्र फोटोंचे सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप जुळते ठेवणे, हा बॅकअप धरू नका. फोनवर उडवलेला फोटो तिथूनही उडतो. गूगलचे खाते दोन वर्षे वापरलेच नाही तर ते काढून टाकले जाऊ शकते. त्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे, तिथे पत्नीचा किंवा मुलाचा ईमेल घाला. एफडीला नॉमिनी लावतो तसेच हे.

खरेदीच्या वेळी काही गोष्टी पाहा. दोन डिस्का शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, एकाच खेपेतल्या डिस्का एकाच दोषाने एकाच सुमारास जाऊ शकतात. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासा. दुबईहून किंवा लंडनहून येणाऱ्या नातेवाइकाला सांगून हजार-दीड हजार वाचवायचा मोह आपल्याकडे फार, पण वॉरंटी बऱ्याचदा त्या प्रदेशापुरती असते. आणि ती वॉरंटी डिस्क बदलून देते, डेटा नाही. डेटा काढून देणाऱ्यांनी डिस्क उघडायची म्हटली की बिल सहज पाच आकडी होते, तरी हमी नसते. ‘१६ टीबी, १,९९९ रुपये’ अशा जाहिरातींतल्या डिस्का बनावट असतात: आत छोटे कार्ड आणि खोटा आकडा. त्या भरल्यासारख्या दिसतात, उघडायला गेले की फाइली रिकाम्या.

पहिल्या दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ते पाहा, नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या जवळ हवा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या आणि संशयास्पद जागा, शून्य हवेत. नसतील तर त्याच दिवशी परत करा. लॅपटॉप विंडोजचा आहे, तर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि तुमची डीव्हीची एकेक फाइल १३ जीबीची असणार. निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावलीत तर सेकंदाला १०० एमबीच्या हिशेबाने १.३ टीबीला पावणेचार तास लागतात. हजारो बारीक फोटो असल्यामुळे प्रत्यक्षात रात्र धरा. काळ्या यूएसबी २ पोर्टवर तेच काम दहा तासांच्या पुढे जाते. लॅपटॉपची झोप बंद करा, डिस्क टेबलावर सपाट ठेवा, पलंगावर नको. आणि कॉपी करा, कट-पेस्ट नव्हे. मध्येच वीज गेली तर कट-पेस्टमध्ये काय इकडे, काय तिकडे याचा पत्ता लागत नाही. कॉपी करण्याआधी व्हॉट्सॲपचे ‘शुभ सकाळ’ फोल्डर गाळा. त्यांच्यासाठी डिस्क विकत घेत नाही आपण.

या डिस्कांचे सगळ्यात नाजूक अंग म्हणजे वायर लावायचे तोंड. रुंद, चपटा मायक्रो-बी प्लग वरखाली हलला की भोक सैल होते, मग डिस्क मध्येच गायब व्हायला लागते. काही डिस्कांत ते तोंड थेट आतल्या सर्किट बोर्डावरच असते, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालायची वाटही उरत नाही. वायर नेहमी सरळ ओढा, आधी ‘इजेक्ट’ करून. एक जादा वायर घेऊन ठेवा, दोन-तीनशेचा प्रश्न.

एक डिस्क घरी, दुसरी घराबाहेर: मडगावला बहीण असते म्हणालात, किंवा बँकेत लॉकर असेलच तर तिथे. नुसत्या डिस्कसाठी नवा लॉकर घेऊ नका. दोन्ही ठिकाणी रबराच्या कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी जेल घ्या: केशरी हिरवी पडली की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरा. एसीच्या खोलीतली गार डिस्क बाहेरच्या दमट हवेत आणली तर तिच्यावर दव धरते, तासभर थांबून मग लावा. अदलाबदलीचे दिवसही सांगून ठेवतो, म्हणजे विसरायला होणार नाही: चवथ, दिवाळी, शिगमो आणि मे महिन्याची सुटी. घरची डिस्क ताजी करून न्यायची, तिकडची घेऊन यायची. प्रत्येक वेळी दोन-चार जुन्या फाइली उघडून पाहायच्या, एक तरी नाटक मधूनच लावून. काम झाले की डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क लॅपटॉपवर आलेल्या खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत तितकीच सापडते.

डिस्क हरवली तर कागद दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून कागदांचा फोल्डर तेवढा व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करा. पासवर्ड पत्नीला माहीत असलेल्या कागदी फाइलीत लिहून ठेवा. तो हरवला तर कागद कोणालाच उघडता येणार नाहीत, तुम्हालाही.

आता पैशांचे वाटप. ५०,००० पैकी २३,००० डिस्कांना, १,३०० क्लाउडला, १२,००० कॅसेटींसाठी बाजूला. त्या कमीत झाल्या तर उत्तम. उरलेले १३,७०० परत एफडीत. या डिस्का पाचेक वर्षांनी बदलायच्याच आहेत असे धरून आत्तापासून महिन्याला ४०० रुपयांची आवर्ती ठेव उघडा, पाच वर्षांत मुद्दलच २४,००० होते. पगारदार म्हणून या खर्चावर तुम्हाला करसवलत नाही, त्यामुळे ३१ मार्चची घाई नको. घाई एकाच गोष्टीची: एफडीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर मुदत संपण्याआधी बँकेत जाऊन ती बदलून घ्या. नाहीतर सगळे ५०,००० पुन्हा अडकतील आणि मोडताना व्याज कापले जाईल.