नाला साफ न करताच बिल निघालं, हे पत्रकार सिद्ध कसं करतात?

ठाण्यातल्या एका नाल्याचं उदाहरण घेऊन सांगतो. कागदाला कागद भिडवून. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये भरून अर्ज करा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे 'सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नका. कार्यादेश (कंत्राटदाराला काम दिल्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका (किती काम झालं याची नोंदवही) आणि गाळाच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या मागा.

खरी गोम पावत्यांत असते. प्रत्येकीवरचा गाडीचा नंबर, वेळ आणि वजन वहीत उतरवा. नंबर गाडीची नोंद दाखवणाऱ्या सरकारी 'एमपरिवहन' ॲपवर टाकला की तो डंपर आहे की स्कूटर, ते कळतं. एकाच डंपरच्या दोन फेऱ्यांत वीस मिनिटांचं अंतर, आणि गाळ टाकायची जागा घोडबंदर रोडच्या पलीकडे? तिथलं ट्रॅफिक रोज सोसणाऱ्याला हे पटणारच नाही. मग त्याच तारखांना नाल्याकाठच्या दुकानदारांनी काय पाहिलं, ते विचारा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागा. बरेच जण इथेच सोडतात, याचं फार वाईट वाटतं. आणि छापण्याआधी कंत्राटदाराला लेखी प्रश्न पाठवाच. कधीकधी त्याच्याकडे खरंच उत्तर असतं.