चिकन खाल्लंच नाही, तरी जुलाब!

प्रश्न : रविवारी घरी चिकन केलं. नेहमीसारखं नळाखाली तीन-चारदा धुतलं, हळद-मीठ लावलं, रस्सा रटरटून उकळला. बुधवारी नातवाला आणि सुनेला ताप, मुरडा, जुलाब. सून तर शाकाहारी! तिनं वरणभात आणि काकडीची कोशिंबीर खाल्लेली. मग चिकनचा काय दोष? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमच्या रश्श्यावर माझा मुळीच संशय नाही. संशय आहे तो कोशिंबिरीवर. काकडी कुठल्या विळीवर चोचवलीत?

कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखानं नांदतात आणि कापताना, सोलताना मांसाला लागतात. कोंबडी ठणठणीत दिसते, मांसाला वासही येत नाही. धुऊन ते जात नाहीत, ओटाभर पसरतात मात्र. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. एकदा मुलींसमोर चिकनला बिटाचा रस चोपडला आणि नळ सोडला. शेजारी पालथ्या घातलेल्या धुतलेल्या वाट्यांवर गुलाबी ठिपके! एक जण म्हणाली, "मॅडम, तुमच्या चष्म्यावरपण."

कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास बहुधा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. तोवर रविवार विसरलेला असतो आणि आळ येतो मंगळवारच्या पाणीपुरीवर. अर्थात शौचाची तपासणी झाल्याशिवाय मीही छातीठोकपणे सांगणार नाही.

यापुढे कोशिंबीर आधी, चिकन मागाहून. न धुता किळस वाटते ना? मग पातेल्यात पाणी घेऊन पिसं, हाडाचे कण हलक्या हातानं काढा, पाणी अलगद ओता. नंतर सिंक, विळी आणि हात साबणानं घासा. हळद-मीठ चवीपुरतं. जंतू मरतात ते मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला तापलं की. आणि दुकानातली ती गळकी काळी पिशवी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डोक्यावर नको, सगळ्यात खाली, डब्यात.

नातवाला ओआरएस देत राहा. शौचातून रक्त पडलं किंवा ताप उतरेना, तर डॉक्टरांकडे न्या. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचात हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. तिथं बोट दूषित पाण्याकडे होतं. या जंतूच्या जुलाबानंतर जीबीएस क्वचितच होतो, पण जुलाब थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना गुडघे लटपटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.