वायुगळती कशी पसरेल हे विंड टनेलमधल्या छोट्या मॉडेलवरून खरोखर कळते का?

आपण विचारले आहे की, क्लोरीनसारख्या वायूची गळती संगणकावर मांडता येत असताना विंड टनेलमध्ये, म्हणजे हवा तसा वारा वाहवता येणाऱ्या बंदिस्त बोगद्यात, प्रयोग कशासाठी करायचे, आणि हातभर मॉडेलवरून कारखान्याच्या आवारातले कसे कळणार. मी काही वर्षे हेच काम केले आहे. आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण या कामातले खरे कसब तिथेच आहे.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत बसतो आणि सांडलेल्या पाण्यासारखा चहूकडे सरकतो. प्रकाशाच्या पातळ पडद्यात धूर मिसळलेला जड वायू सोडला, की तो काही अंतर चक्क वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरपटताना दिसतो, आणि हे दृश्य कितीदाही पाहिले तरी मी थबकतो. वारा आणि वायूचे वजन यांच्यातल्या या चढाओढीचे प्रमाण मॉडेलमध्येही तेच राखावे लागते. म्हणून मॉडेल शंभरपट लहान केले, तर वारा शंभराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापट मंद करावा लागतो. आवारात सेकंदाला ४ मीटर वारा असेल तर टनेलमध्ये ०.४ मीटर, आणि आवारातले एक मिनिट इथे ६ सेकंदांत संपते.

अडचण अशी की, इतक्या मंद वाऱ्यात भोवऱ्यांची घुसळणच विझू लागते. काही जण खऱ्यापेक्षा जड वायू घेऊन वेग वाढवतात. ही सवलत मी जपूनच घेतो, कारण त्यामुळे गळतीच्या तोंडाजवळचे चित्र बिघडू शकते. मंद वारा इतका नाजूक असतो की, एकदा दुपारी खोलीची हवा टनेलच्या तळापेक्षा थोडी अधिक तापली आणि त्या दिवसाची सगळी मोजमापे आम्हाला टाकून द्यावी लागली.

जमिनीलगतचा वारा खऱ्यासारखा व्हावा म्हणून टनेलच्या तोंडाशी त्रिकोणी सुळके आणि तळावर ओळीने ठोकळे लावतात. त्यावरून वाहत वाऱ्याला घडायला अंतर लागते, म्हणूनच इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या टनेलचा प्रयोगाचा भाग २० मीटर लांब आहे. विषारी वायू अर्थातच वापरत नाहीत. हवेच्याच वजनाचा वायू हवा असेल तर इथेन सोयीचा पडतो. बारीक नळीने ओढलेला नमुना हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून त्याचे प्रमाण मोजता येते.

आता प्रयोग कशासाठी, ते सांगतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील थॉर्नी आयलंड येथे १९८२ ते १९८४ या काळात खुल्या मैदानावर चाचण्या झाल्या. त्यांत फ्रिऑन हा जड वायू आणि नायट्रोजन यांचे मिश्रण एकेका वेळी सुमारे २,००० घनमीटर सोडले गेले. मैदानावर त्या दिवशीचा वारा पुन्हा मिळत नाही. टनेलमध्ये मात्र तीच गळती तशीच शंभर वेळा घडवता येते, आणि तरीही प्रत्येक ढग निराळा निघतो. साधी गणिते बहुधा सरासरी देतात. वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकात जाणारा झोत मात्र तिच्या कितीतरी पट असू शकतो, आणि तो किती पट हे या पुनरावृत्तीतूनच कळते.

रात्रीचा उलटा तापमानक्रम (जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा) किंवा तासाभरात फिरणारा वारा टनेलमध्ये आणणे फार कठीण असते. तिथे संगणकच बरा. आपल्या आवारात टाक्या आणि शेड दाटीने उभ्या असतील, तर मात्र मी टनेलचा आग्रह धरीन. भोवताली मोकळे मैदान असेल, तर संगणकाच्या गणितावर बहुतेक वेळा भागते.