घरात लहान मुलं, सासू-सासरे, डबे. साशिको भरतकामाला वेळ कसा काढावा? (इंदूर)

सलग वेळ शोधूच नका. साशिको म्हणजे मुळात धावदोरा. उत्तर जपानातल्या शेतकरी घरांत कापड टिकावं, ऊब मिळावी म्हणून घालत. आपल्या गोधडीच्याच जातीचं काम. नक्षी रविवारी एकदाच आखून ठेवा, मग कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक ओळ सहज होते. सुईवर चार-पाच टाके भरून मगच दोरा ओढा, लगेच कापड बोटांनी सपाट करा, नाहीतर चुण्या पडतात. वळणावर दोरा किंचित सैल. गडद निळं सुती कापड शीतलामाता बाजारात बघा (जवळच्या सराफा बाजारातली चाटही होऊन जाईल!). खास दोऱ्यासाठी अडू नका, आठ नंबरचा पर्ल कॉटन (भरतकामाचा पीळदार सुती दोरा) चालतो. मशीनवरचं शिवण मात्र मुलं शाळेत गेल्यावरच.